वाफ्यात पुरलेलं फडकं

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. पण वजनमापं खात्यात चौतीस वर्षं काढली आणि त्यातली तीस तरी दुकानदारांच्या काट्याखाली डोकं घालण्यात गेली, तेव्हा लोकांनी नाव सोडून हुद्दाच धरला. निवृत्त झाले तरी तो सुटला नाही. सात घरांच्या त्या ओळीत पोरंटोरंसुद्धा म्हणायची, "तपासनीस येतायत, चेंडू उचल."

माणूस सरळ, हे मात्र कबूल करायला हवं. खालून पोखरलेलं वजन ते नुसतं तळहातावर घेऊन ओळखत. एका कापडवाल्याची मीटरपट्टी बोटभर आखूड निघाली, तेव्हा त्याने हाताला धरून आत नेलं, चहा मागवला, डोळ्यांत पाणी आणलं. यांनी चहाला हात न लावता पंचनामा लिहिला. आता सरळ माणसाला एक खोड असते. आपण सरळ आहोत हे तो स्वतः विसरत नाही आणि दुसऱ्यालाही विसरू देत नाही. बायको होती तोवर ती त्यांना अधूनमधून ताळ्यावर आणायची. "जगाचं वजन करून झालं असेल तर पान वाढलंय," म्हणायची. ती गेली आणि त्यांना ताळ्यावर आणणारं कुणी राहिलं नाही. मुलगा कामापायी महिन्यातले वीस दिवस परगावी. घरात सून, आणि ती सासऱ्याशी मऊच बोलायची.

निवृत्तीनंतर तपासायला काहीतरी हवंच होतं. घरामागे लांबट बाग होती, चार वाफे आणि भिंतीकडेला दोन लिंबाची झाडं. तपासनीस मातीला लागले.

तेही त्यांनी रीतसर केलं, कबूल. ओली माती मुठीत दाबायची, मूठ उघडायची आणि गोळ्याला बोटाने टोचायचं. टोचताच भुगा झाला तर बरी, गोळा तसाच राहिला तर चिकण, मुळात गोळाच होत नसेल तर वाळू. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांची साबणपूड, पाच मिनिटं घुसळायची आणि ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी तळाला वाळू, तिच्यावर गाळ, सर्वांत वर चिकणमातीचा थर, आणि तो थर पट्टीने मोजायचा. चमचाभर मातीवर व्हिनेगर टाकलं आणि फसफसली तर चुन्याची. वीतभर खड्डा खणून त्यात पाणी ओतायचं आणि घड्याळ लावून बसायचं. फावड्याच्या एका घावात गांडुळं किती ते मोजायचं. दहाच्या वर असतील तर तपासनीस खूश, आणि खूश असले म्हणजे ते फक्त "हं" म्हणायचे.

हळूहळू ओळीतली माणसं पिशवीतून माती घेऊन यायला लागली. तपासनीस माती हुंगायचे, बोटांत चोळायचे, आणि वहीत 'पास' किंवा 'नापास' लिहायचे. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची माती सलग दोनदा नापास झाली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, मीसुद्धा लोकांना 'दात काढावा लागेल' म्हणून सांगते, पण जरा हसून तरी सांगते!"

एका बागकामाच्या मासिकात त्यांनी एक नवा प्रयोग वाचला. शुद्ध सुती कापडाचा पांढरा तुकडा मातीत वीतभर खोल पुरायचा आणि साठ दिवसांनी उकरायचा. माती जिवंत असेल तर तिच्यातले जीव कापड खाऊन टाकतात. जितकं कापड कमी उरेल तितकी माती निरोगी. तसंच्या तसं निघालं तर माती मेलेली. ना बरणी, ना घड्याळ. तपासनिसांना हे फारच पटलं, कारण यात मातीला लपवाछपवी करायला जागाच नव्हती.

त्यांनी ओळीत जाहीर केलं. येत्या रविवारी सगळ्यांनी आपापल्या बागेत फडकं पुरायचं, खुणेची काठी रोवायची, काठीवर तारीख लिहायची, आणि साठाव्या दिवशी सगळ्यांसमोर उकरायचं. दोन घरं तयार झाली. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याची जुनी चड्डी निवडली. "शंभर टक्के सुती आहे, आणि त्यांना ती टाकवत नाही. एका दगडात दोन पक्षी," म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या ड्रॉइंग मास्तरांनी उशीचा अभ्रा फाडला.

रविवारी सकाळी तपासनीस कापड शोधायला लागले. त्यांचे रुमाल मिश्र धाग्याचे, बनियनं नवीन. मागच्या ओसरीवर खुर्चीखाली चिंध्यांची पिशवी होती. तिच्यात हात घातला तर सगळं रंगीत. मान वर केली तर खुर्चीच्या पाठीवर एक पांढरं, जुनं, पिवळसर पडलेलं झबलं टाकलेलं. बाळाचं, वीतभराचं. त्यांना वाटलं, तेही पिशवीतलंच, कुणीतरी बाहेर काढून ठेवलेलं. त्यांनी कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवला. जळलेल्या कागदासारखा वास आला, राखेचा मऊ भुगा झाला. शुद्ध सुती. कापड दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, उन्हाला धरून वीण पाहिली. गळ्याशी शिंपल्याची बटणं आणि पांढऱ्याच दोऱ्याने काढलेली बारीक वेलबुट्टी होती, तीही पाहिली. इतकं सगळं तपासलं आणि एक विचारायचं राहिलं.

राहिलं म्हणजे काय, राहू दिलं. सून आत पडली होती. सहावा महिना लागलेला, कंबर धरलेली. तिला हाक मारली असती तर ती म्हणाली असती, "बघते हं बाबा," आणि मग कापड मिळायला दुपार झाली असती. वेलबुट्टी पाहून क्षणभर त्यांचा हात थांबला होता खरा. पण बाहेर ड्रॉइंग मास्तर कुंपणावरून ओरडत होते, "अहो, आमचं पुरून झालं! उत्साह घालवू नका!" तपासनीस झबल्याची घडी करत बागेत गेले. मागच्या नळावर मावशी भांडी घासत होत्या. त्या या घरात अकरा वर्षं कामाला.

"मावशी, तेवढं खुरपं द्या."

मावशींनी हात पुसून खुरपं दिलं. पाच मिनिटांत काम झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सून चहाचा कप घेऊन समोर बसली. "बाबा, ओसरीवर खुर्चीच्या पाठीवर मी एक पांढरं झबलं टाकलं होतं. हवा लागायला. पाहिलंत का?"

"कसलं झबलं?" तपासनीस म्हणाले.

जीभ आधी बोलून गेली, माणूस मागून पोचला. पोचला तेव्हा सून सांगत होती. झबलं तिच्या आईने शिवलेलं, हाताने, ती पोटात असताना. आई गेली तेव्हा सून चार वर्षांची होती. आईचा आवाज आठवत नाही, चेहरा फोटोतला. हातची म्हणावी अशी ही एकच वस्तू. ट्रंकेतून काढलं होतं, बाळाला पहिल्या दिवशी घालायचं म्हणून. "कुठे जाणार म्हणा, इथेच असेल," असं म्हणून ती उठली.

तपासनिसांनी कप खाली ठेवला. तेव्हा बागेत जाऊन वीतभर उकरलं असतं तर झबलं मातकट होऊन का होईना, धड हाती आलं असतं. दोन पाण्यांत निघालं असतं. सून रडली असती, मग हसली असती, आणि पुढे आयुष्यभर ही गोष्ट नातवंडांना सांगितली असती. पण 'कसलं झबलं?' तोंडातून गेलं होतं. आता खरं सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या, आणि त्यातली दुसरी पहिलीपेक्षा जड होती. संध्याकाळी हळूच काढू, धुऊन ट्रंकेमागे टाकू, सापडेल तिचं तिला, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई पाणी घालायला कुंपणाशी उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सून स्वतःच बागेत खुर्ची टाकून बसली. तिसऱ्या दिवशी कारण काय होतं ते पुढे त्यांनाही आठवेना.

सून घर पालथं घालत होती. कपाटं झाली, गाद्यांच्या खोळी झाल्या, चिंध्यांची पिशवी तीनदा झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण इथे कळसा कुठे आहे ते एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस तिला शोधायला मदत करत होता. होय, मदत करत होता! पलंगाखाली बॅटरी धरून वाकला होता.

दहाव्या दिवशी सुनेने मावशींना विचारलं. विचारताना तिचा चेहरा पडलेला होता. तिला विचारायचंच नव्हतं, हे तपासनिसांना समोरच्या खुर्चीवरून दिसत होतं. मावशींच्या लेकीला पंधरा दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. तेवढं एक सुनेच्या डोक्यात शिरलं होतं, आणि शिरलेलं निघत नव्हतं.

"मावशी, चुकून कपड्यांबरोबर गेलं असेल तर सांगा हं. मी काही म्हणजे काही बोलणार नाही. फक्त ते परत पाहिजे. बदल्यात बाळासाठी नवी चार घेऊन देते."

मावशींनी फरशी पुसायचं फडकं बादलीत टाकलं. त्या सुनेकडे नाही, तपासनिसांकडे पाहायला लागल्या. तपासनिसांनी वर्तमानपत्र वर उचललं.

"अकरा वर्षांत चमचा हलला नाही या घरातला," मावशी म्हणाल्या. "जिथे मला हे विचारलं, तिथे मी उद्यापासून यायची नाही." बादली नळाखाली रिकामी केली, फडकं पिळून वाळत घातलं आणि गेल्या.

वर्तमानपत्र उलटं होतं, असं काही झालं नाही. सुलटंच होतं. तपासनिसांनी त्यातली बाजारभावाचे सगळे रकाने वाचले.

ओळीत ही बातमी कुणी पसरवली नाही आणि तरी सगळ्यांना कळली. अशा बातम्यांना पाय लागतातच. आठवडाभरात आणखी दोन घरांनी मावशींना "सध्या नको" म्हणून सांगितलं. तपासनीस मूग गिळून बसले. जेवण जाईना. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही माझं मनाला लावून घेऊ नका. वस्तूच होती ती." हे बोलताना तिने तोंड फिरवलं होतं.

बाराव्या दिवशी सून दवाखान्यात गेली असताना त्यांनी खुरपं घेतलं. काठीपाशी बोटाने माती सारली. झबल्याचा एक कोपरा दिसला, तपकिरी पडलेला, आणि कडेला बोट जाईल एवढं भोक. माती आपलं काम करत होती. बाहेर काढून आता काय दाखवायचं? भोक पडलेलं झबलं, आणि वरून बदनाम झालेली मावशी. दर दिवसागणिक सांगायचं ते वाढत चाललं होतं. त्यांनी माती परत लोटली, तळहाताने थापली, आणि तिथेच उकिडवे बसून राहिले. लाज वाटणं म्हणजे काय हे त्यांना इतके दिवस दुसऱ्यांच्या तोंडावर पाहून ठाऊक होतं. आतून ती अशी असते, हे नवीन होतं.

मग ज्या माणसाने आयुष्यभर मातीचे लाड केले, तो माती मारायला निघाला. कोरड्या मातीतले जीव मंदावतात, कापड टिकतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी त्या वाफ्याचं पाणी तोडलं. टोमॅटोची रोपं माना टाकायला लागली. आपली माती नापास व्हावी असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं, आणि तेही मनापासून. चार दिवसांनी ते फिरून आले तर वाफा काळाभोर, ओलागच्च. सून झारी घेऊन उभी.

"बाबा, हा एक वाफा तुमच्याकडून राहतोय रोज. म्हटलं, तुमचा प्रयोग आहे तिथे, वाळला तर तुम्हाला वाईट वाटेल. आता मी घालत जाईन. तुम्ही नका काळजी करू."

आणि ती रोज घालत गेली. पोट सांभाळत, एक हात कमरेवर ठेवून, आईने शिवलेल्या झबल्यावर झारीने पाणी घालत गेली. ते पाहत तपासनीस ओसरीवर बसायचे. "राहू दे गं" एवढंच म्हणायचे, आणि ती म्हणायची, "तेवढीच हालचाल."

पन्नासाव्या दिवशी त्यांनी जे केलं ते मी सांगितलं नाही तर गोष्ट सोपी होईल, पण खोटी होईल. सून दुपारी झोपली होती. त्यांनी आपलं एक नवं सुती बनियन घेतलं, त्याच वाफ्यात दोन वितींवर पुरलं, आणि खुणेची काठी उपटून तिथे रोवली. तारीख जुनीच. नोकरीत असताना काट्यावरची खूण हलवली म्हणून त्यांनी एका माणसाचं दुकान महिनाभर बंद करवलं होतं. काठी अगदी सरळ रोवली गेली, याचंच त्यांना नंतर जास्त वाईट वाटलं.

साठावा दिवस उजाडला. सगळे जमले. आधी डॉक्टरीणबाईंची बाग. त्यांनी दवाखान्यातला चिमटा आणला होता. मातीतून चड्डीचं नुसतं इलॅस्टिक निघालं, त्याला दोन दोरे लोंबत होते. त्यांनी ते चिमट्यात उंच धरलं. "दोनदा नापास केलेली माती ही! लिहा वहीत!" त्यांचे यजमान कुंपणापाशी उभे होते, ते हळूच म्हणाले, "चांगली होती हो ती." सगळे हसले. मास्तरांचा अभ्रा अर्धा खाल्लेला निघाला.

मग सगळे तपासनिसांच्या बागेत. त्यांनी काठीपाशी खणलं आणि बनियन बाहेर काढलं. मातकट, पण अखंड. झटकून वाळवलं असतं तर घालता आलं असतं.

मग मास्तर म्हणाले, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" आणि जो तो हसायला लागला. डॉक्टरीणबाईंनी वही मागितली आणि मोठ्या अक्षरांत 'नापास' लिहिलं. तपासनीस खाली मान घालून उभे राहिले. खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटत होतं. हसू दे. एवढ्यावर सुटलो.

तेवढ्यात सून पुढे झाली. सासऱ्याची मान खाली गेलेली तिला पाहवली नाही. "हसताय काय सगळे?" ती म्हणाली. चेष्टेतच म्हणाली, पण आवाज जरा चढला होता. "यांना काय दुसरं फडकं पुरून तुम्हाला फसवता आलं नसतं? जे निघालं ते दाखवलं. आमचे बाबा तसले नाहीत."

तपासनिसांनी तिच्याकडे पाहिलं. आठव्या महिन्यातलं पोट, झारीने ओले झालेले पाय, आणि चेहऱ्यावर त्यांच्यासाठी आलेला राग. आणि ते वाफ्यात गुडघ्यांवर बसले. काठीपासून दोन विती सोडून ते हातांनी उकरायला लागले.

"अहो, तिकडे काय?" मास्तर म्हणाले.

माती काळी, भुसभुशीत, हाताला गार लागणारी. एका ओंजळीत सात-आठ गांडुळं. चिंधीसुद्धा नव्हती. सुती कापड, सुती दोरा, हाताची शिलाई, सगळं मातीने घेतलं होतं. बोटांना शिंपल्याची तीन बारीक बटणं लागली. ती त्यांनी तळहातावर घेतली आणि हात पुढे केला.

"इथेही पुरलं होतं का काही?" डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या. "अगंबाई, काहीच उरलं नाही की! अहो, ही तर उत्तम माती!"

सून बटणांकडे पाहत होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

"पहिल्याच दिवशी," तपासनीस म्हणाले, "तू विचारायच्या आधीच. चिंध्यांतलं समजून. नंतर मला ठाऊक होतं. काठी मी हलवली."

तिने बटणं घेतली, मूठ मिटली, आणि मूठ छातीशी धरून उभी राहिली. मास्तर वहीत बघायला लागले. डॉक्टरीणबाईंच्या हातातला चिमटा अजून इलॅस्टिकसकट तसाच होता, तो त्यांनी पाठीमागे नेला. सात घरांतली निम्मी माणसं तिथे होती, आणि कुणालाच कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"मी मावशींना विचारलं," सून शेवटी म्हणाली. "तुम्ही समोर बसला होतात, बाबा. मी विचारलं तेव्हा तुम्ही समोर होतात."

"हो."

"आता जा तिकडे." ती घरात गेली. दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

तपासनिसांनी हातपायसुद्धा धुतले नाहीत. मावशींचं घर वीस मिनिटांवर, एका अरुंद बोळात. दारं समोरासमोर, एका घरात शिंकलं तर पलीकडच्या घरात दचकायचे. इतक्या वर्षांत ते तिथे कधी गेले नव्हते. विचारत विचारत पोचले. मावशी दारात बसून शेंगा सोलत होत्या. आत त्यांची लेक मांडीवर बाळ घेऊन बसली होती.

"मावशी," ते उभ्यानेच म्हणाले, "झबलं मी पुरलं होतं. बागेत. प्रयोगाला."

मावशींनी शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले. "माहितीय," म्हणाल्या.

"माहितीय?"

"खुरपं कुणी दिलं तुम्हाला? पांढरं काहीतरी पुरताना बघितलं होतं मी. त्या पोरीने विचारलं तेव्हा लक्षात आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी?" मावशी पहिल्यांदा हसल्या, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "चोर तो चोर, वर शिरजोर म्हणाले असते. तुमच्यासारख्या माणसावर बालंट घेते म्हणाले असते. बघितलं ना मी तुमच्याकडे. म्हटलं, आता बोलतील. मग म्हटलं, उद्या बोलतील. एक महिना तर मी रोज वाट बघितली."

"चुकून झालं हो," ते म्हणाले. "चिंध्यांतलं वाटलं. माझ्या हातून चुकून..."

"पुरलंत ते चुकून, मानलं." मावशींनी ताटली बाजूला ठेवली. "गप्प बसलात तेही चुकूनच का?"

बोळात कुणाचा तरी नळ वाहत होता. "नाही," तपासनीस म्हणाले.

"माझी लेक पोरीला घेऊन तुमच्या रस्त्याने जात नाही आता. एक बाई थांबली होती. बाळ बघते म्हणाली, आणि दुपटं वर करून आतलं झबलं बघत होती. गळ्याशी काही काढलंय का ते. वीस दिवसांचं लेकरू ते." मावशींनी पदराने तोंड पुसलं. "तुम्ही माफी मागायला आलात. मागा. मला नको. तिला सांगा."

त्या उठून दारातून बाजूला झाल्या. तपासनीस उंबऱ्याशी गेले. आतली पोरगी त्यांच्याकडे बघत होती, आणि तिने नकळत बाळाचं दुपटं घट्ट ओढून घेतलं होतं. ते त्यांनी पाहिलं. पाहून त्यांना जे वाटलं ते सगळ्या ओळीसमोर गुडघ्यांवर बसतानाही वाटलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. खालच्या आवाजात, भराभर. झबलं मी घेतलं, चुकून घेतलं, तुमच्या आईने काही केलं नाही.

"मोठ्याने," मावशी मागून म्हणाल्या. "इथे समोरच्या घरांनी सगळं ऐकलंय. हेही त्यांना ऐकू जाऊ दे."

समोरच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्याच होत्या. तपासनीस बोळाकडे तोंड करून वळले. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्याने, एकेक वाक्य. या खेपेला 'चुकून' त्यांनी वगळलं.